गेओर्ग सिमोन ओहम

गेओर्ग सिमोन ओहम (जन्म : १६ मार्च १७८९, एर्लांगेन, मृत्यू : ६ जुलै १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आणि गणिताचे शिक्षक होते. वाहकातून वाहणारी विद्युतधारा ही त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या सम प्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम त्यांनी १८२६ साली प्रयोगांनी व १८२७ साली गणिती मांडणीने सिद्ध केला. हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि विद्युतरोधाच्या एककालाही ‘ओहम’ हे नाव देण्यात आले आहे. जर्मन उच्चारानुसार त्यांचे आडनाव ‘ओम’ असे होते. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र ‘ओहम’ हेच रूप रूढ आहे.

आयुष्यातील बहुतेक काळ त्यांनी शाळांमध्ये गणित व भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवला. विद्यापीठातील प्राध्यापकपदाच्या आशेने त्यांनी आपला ग्रंथ लिहिला, परंतु तसे पूर्ण पद त्यांना वयाच्या ६३ व्या वर्षी, म्हणजे मृत्यूच्या केवळ दोन वर्षे आधी मिळाले.

जन्म, कुटुंब व शिक्षण

ओहम यांचा जन्म एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे तयार करणारे कारागीर होते, तर आई मारिया एलिझाबेथ या एका शिंप्याच्या कन्या होत्या. या दांपत्याच्या सात अपत्यांपैकी तीनच जगली : गेओर्ग, त्यांचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बारा. मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. गेओर्ग दहा वर्षांचे असताना आईचे निधन झाले.

वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. तरी त्यांनी स्वतःच्या बळावर गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता. दोन्ही मुलांना त्यांनी हे विषय घरीच शिकवले. वयाच्या अकराव्या ते पंधराव्या वर्षांपर्यंत गेओर्ग एर्लांगेनच्या माध्यमिक शाळेत जात होते, पण तेथील पाठांतरावर भर असलेल्या शिक्षणाने त्यांना विज्ञान फारसे मिळाले नाही. जे मिळाले ते वडिलांकडून. एर्लांगेन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कार्ल क्रिस्टियान फोन लांगस्डोर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना स्वित्झर्लंडमधील बर्नुली या गणितज्ञांच्या घराण्याची आठवण झाली. वडिलांच्या कामामुळे धातू कापणे, घासणे, जोडणे ही हाताची कौशल्येही गेओर्ग यांना लहानपणीच अवगत झाली. पुढे स्वतःची उपकरणे घडवताना त्यांचा फार उपयोग झाला.

१८०५ साली ते एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले. तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्स यांत त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला. मुलगा मिळालेली संधी वाया घालवतो आहे, हे वडिलांना सहन झाले नाही. तीन सत्रांनंतर त्यांनी गेओर्ग यांचे विद्यापीठ सोडवले आणि त्यांना स्वित्झर्लंडला पाठवले. सप्टेंबर १८०६ मध्ये, सतराव्या वर्षी, ते गोट्टश्टाट येथील एका शाळेत गणित शिकवू लागले. ओहम यांचा शिक्षकी पेशा असा एक प्रकारे शिक्षा म्हणून सुरू झाला.

१८०९ मध्ये लांगस्डोर्फ हायडेलबर्गला गेले. त्यांच्याबरोबर तेथे जाण्याची ओहम यांची इच्छा होती. मात्र लांगस्डोर्फ यांनी त्यांना ऑयलर, लाप्लास आणि लाक्रवा यांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी नशातेल येथे खाजगी शिकवणीचे काम धरून ओहम यांनी हा अभ्यास नेटाने केला. १८११ च्या वसंतात ते एर्लांगेनला परतले आणि २५ ऑक्टोबर १८११ रोजी त्यांना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर ते तेथेच गणिताचे अध्यापन करू लागले, पण वेतन तुटपुंजे होते आणि बढतीची आशा नव्हती. तीन सत्रांनंतर त्यांनी ते पद सोडले.

बांबर्ग व कोलोन येथील अध्यापन

एर्लांगेनचा प्रदेश १८१० मध्ये बव्हेरियाकडे आला होता. बव्हेरियाच्या शासनाने १८१३ च्या आरंभी ओहम यांना बांबर्ग येथील एका शाळेत नेमले. शाळेचा दर्जा सामान्य होता आणि ओहम तेथे रमले नाहीत. याच काळात त्यांनी भूमिती कशी शिकवावी यावर एक प्राथमिक पुस्तक लिहिले. फेब्रुवारी १८१६ मध्ये ती शाळा बंद पडली, तेव्हा त्यांना गावातीलच दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी भरून वाहणाऱ्या शाळेत गणिताच्या मदतीसाठी पाठवण्यात आले.

भूमितीच्या पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी प्रशियाचे राजे तिसरे फ्रीडरिख विल्हेल्म यांच्याकडे पाठवले होते. त्याचा अनुकूल परिणाम झाला आणि सप्टेंबर १८१७ मध्ये कोलोन येथील जेझुइट परंपरेच्या माध्यमिक शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवण्याची नेमणूक त्यांना मिळाली. ही शाळा पूर्वीच्या सर्व ठिकाणांपेक्षा बरी होती. तेथे भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती आणि ती शिक्षकाला स्वतःच्या संशोधनासाठी वापरता येत असे. पुढे थोर गणितज्ञ म्हणून गाजलेले दिरिक्ले हे याच शाळेत ओहम यांचे विद्यार्थी होते.

कोलोनमध्ये ओहम यांनी लाग्रांज, लजांद्र, लाप्लास, बियो, प्वासाँ, फूरिये व फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञांचे ग्रंथ वाचून काढले. १८२० मध्ये डेन्मार्कचे अर्स्टेड यांनी विद्युतधारेजवळ चुंबकसूची वळते, हे दाखवले. त्यामुळे धारा किती आहे हे सूचीच्या वळण्यावरून मोजण्याचा मार्ग मोकळा झाला आणि ओहम यांचेही लक्ष या विषयाकडे वळले. यामागे व्यावहारिक कारणही होते. शाळेतील कामाचा भार वाढत होता, वय तिशी ओलांडून गेले होते आणि विद्यापीठात जागा मिळवायची तर नाव होईल असे संशोधन प्रसिद्ध करणे आवश्यक होते.

१८२५ चा निबंध

मे १८२५ मध्ये ओहम यांचा विद्युतविषयक पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील सूत्र चुकीचे होते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात अनेकदा गाळली जाते, पण नियमाचा शोध कसा लागला हे समजून घेण्यासाठी ती महत्त्वाची आहे.

वेगवेगळ्या लांबीच्या तारा परिपथात घातल्या असता चुंबकसूचीवरील बल किती घटते, हे त्यांनी मोजले आणि ही घट व तारेची लांबी यांच्यात लॉगॅरिदमचे नाते मांडले. मधल्या लांबीच्या तारांपुरते हे सूत्र ठीक जुळत असे. परंतु लॉगॅरिदम लांबीबरोबर अमर्याद वाढत जातो, तर बलातील घट मूळ बलाहून अधिक कधीच होऊ शकत नाही. म्हणजे फार लांब तारेसाठी हे सूत्र टिकणारे नव्हते.

दोष मुख्यतः विद्युत्स्रोतात होता. त्या काळी धारा मिळवण्यासाठी व्होल्टा यांच्या पद्धतीचे, आम्लात बुडवलेल्या धातूंचे घट वापरत. परिपथ जोडताच अशा घटाची धारा उसळते, मग उतरत जाते आणि परिपथ खुला ठेवल्यास घट काही प्रमाणात पूर्ववत होतो. एका तारेचे मापन संपवून दुसरी तार जोडेपर्यंत स्रोतच बदललेला असे. मोजणारा कितीही काळजीपूर्वक असला, तरी मोजपट्टीच हलत असेल तर नियम सापडत नाही. ‘अनालेन’ या नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी ओहम यांना घटाऐवजी थर्मोकपल वापरण्याचे सुचवले. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांची तापमाने वेगळी ठेवली की परिपथात धारा वाहते, हा शोध सीबेक यांनी १८२१ मध्ये लावला होता.

१८२६ चे प्रयोग

ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे थर्मोकपल तयार केले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दोन्ही तापमाने स्थिर राहतात, म्हणून स्रोतही स्थिर राहतो. धारा मोजण्यासाठी त्यांनी कुलोंब यांच्या पिळाच्या तराजूचे तत्त्व वापरले. परिपथावर चपट्या धातूच्या बारीक पट्टीने चुंबकसूची टांगली. धारेमुळे सूची वळली की पट्टीला वरून उलटा पीळ देऊन ती मूळ जागी आणायची. द्यावा लागलेला पीळ हे धारेचे माप. सूची प्रत्येक वेळी एकाच स्थितीत वाचली जात असल्यामुळे सूचीच्या बदलत्या कोनाचा हिशेब करण्याचे कारण उरत नव्हते.

तांब्याच्या सारख्या जाडीच्या आठ तारा त्यांनी घेतल्या. त्यांची लांबी त्या काळच्या मापानुसार २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. जानेवारी १८२६ मधील पहिल्या मालिकेत पिळाची मापे अनुक्रमे ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५ आणि ४८.५ अशी आली. प्रथमदर्शनी या आकड्यांत सुसंगती दिसत नाही. तार २ इंचांवरून ४ इंच, म्हणजे दुप्पट केली, तरी माप निम्मे होत नाही, किंचितच उतरते. उलट ६६ वरून १३० इंचांवर गेल्यास ते निम्म्याच्या जवळ येते.

ओहम यांनी लावलेला अर्थ असा : परिपथात तारेखेरीज थर्मोकपल व इतर जोडण्याही आहेत आणि त्याही धारेला अडवतात. या उरलेल्या भागाची अडवणूक त्याच तारेच्या सुमारे २०.२५ इंच लांबीइतकी मानली, तर सर्व आकडे एका सूत्रात बसतात. तारेच्या लांबीत २०.२५ मिळवावेत आणि त्या बेरजेने ७२८५ या स्थिरांकाला भागावे. २ इंचांच्या तारेसाठी ७२८५ भागिले २२.२५ म्हणजे ३२७.४ येते, प्रत्यक्ष मापन ३२६.७५ आहे. १८ इंचांसाठी १९०.५ येते, मापन १९०.७५. १३० इंचांसाठी हिशेब आणि मापन दोन्ही ४८.५. सर्व तारा इतक्या चोख जुळत नाहीत. १० इंचांच्या तारेत सुमारे अडीचचा आणि ६६ इंचांच्या तारेत सव्वाचा फरक पडतो. तरी हाताने केलेल्या उपकरणाच्या मानाने ही जुळणी उत्तम आहे, आणि विद्यार्थ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहण्याजोगा आहे.

सांध्यांमधील तापमानाचा फरक बदलला, तेव्हा वरचा स्थिरांक बदलला, २०.२५ हा आकडा तसाच राहिला. म्हणजे एक राशी स्रोताच्या जोराची आणि दुसरी केवळ परिपथाच्या घडणीची, असा स्पष्ट भेद समोर आला. आजच्या परिभाषेत पहिली म्हणजे विद्युतचालक बल आणि दुसरी म्हणजे स्रोताचा अंतर्गत रोध. विद्युतचालक बलाला अंतर्गत व बाह्य रोधांच्या बेरजेने भागले की धारा मिळते. ओहम यांचा मूळ नियम असा संपूर्ण परिपथाचा होता. शाळेत शिकवला जाणारा, वाहकाच्या एका तुकड्यापुरता नियम हा त्याचाच सोपा भाग आहे.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश हे १७८१ मध्येच अशा निष्कर्षाजवळ पोहोचले होते. धारा मोजण्याचे साधन नसल्याने ते स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करीत. त्यांनी हे काम प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे १८७९ मध्ये प्रकाशित केली, तोवर ओहम यांच्या मृत्यूला २५ वर्षे झाली होती.

ग्रंथ आणि त्याचे स्वागत

१८२६ मध्ये ओहम यांनी शाळेतून वर्षभराची रजा घेतली. या रजेत अर्धे वेतन मिळणार होते. ते बर्लिनला, भाऊ मार्टिन यांच्याकडे गेले आणि तेथे मे १८२७ मध्ये त्यांचा ‘दी गाल्वानिशे केट्टं, माथेमाटिश बेआर्बाइटेट’ (गॅल्व्हानी परिपथाचे गणिती विवेचन) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचा गणिती सिद्धांत मांडला होता. तापमानातील फरकामुळे जशी उष्णता वाहते, तशी परिपथातील लगतच्या दोन भागांमधील ‘विद्युतदर्शी बला’च्या फरकामुळे विद्युत वाहते, अशी मांडणी ओहम यांनी केली. हे बल म्हणजे विद्युतदर्शकाने मोजता येणारी राशी. प्रत्येक वाहकाची लांबी, जाडी व धातूचा प्रकार विचारात घेऊन त्याला एक ‘रूपांतरित लांबी’ देण्याची त्यांची कल्पना म्हणजेच आजचा रोध होय.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. त्याची अनेक कारणे होती. जर्मनीतील बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना एवढ्या गणिताची सवय नव्हती. शिवाय ओहम यांनी ग्रंथात आपल्या प्रयोगांपेक्षा गृहीतकांपासून निघणाऱ्या गणितालाच पुढे केले. त्यामुळे मोजमापांचा भक्कम आधार असलेला नियम वाचकाला निव्वळ कल्पनेसारखा वाटला. हा मांडणीचा दोष लेखकाच्या पदरी घालावा लागतो. बर्लिनमध्ये हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव होता आणि निसर्गाचे असे आकडेमोडीने केलेले वर्णन त्या विचारांच्या लोकांना वरवरचे वाटे. त्यांच्यापैकी गेओर्ग फ्रीडरिख पोल यांनी ग्रंथावर कडक टीका केली.

ज्या पदासाठी हा खटाटोप केला, ते मिळाले नाही. मार्च १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. अकरा वर्षांची स्थिर नोकरी सुटली, हाती दुसरे काही नव्हते. पुढील सुमारे पाच वर्षे बर्लिनमध्ये सैनिकी विद्यालयातील आठवड्याचे काही तास आणि तात्पुरती शिकवणी यांवर त्यांनी गुजराण केली. ओहम यांनी लग्न केले नव्हते, त्यामुळे ओढाताण त्यांच्यापुरतीच राहिली.

ओहम यांना शासनाने व सर्व शास्त्रज्ञांनी मिळून छळले, असे चित्र लोकप्रिय लेखनात रंगवले जाते. ते अतिरंजित आहे. पोगेनडोर्फ व श्वायगर हे संपादक त्यांचे निबंध छापत होते, आणि लाइपझिग येथील फेख्नर यांनी १८३१ मध्ये स्वतःची विस्तृत मापने प्रसिद्ध करून नियमाला पुष्टी दिली. मात्र ज्यांच्या हाती नेमणुका होत्या, त्यांच्यापर्यंत या कामाचे मोल पोहोचले नाही, एवढे खरे.

मान्यता

१८३३ मध्ये न्युर्नबर्ग येथील तंत्रशाळेत ओहम यांना भौतिकशास्त्राचे अध्यापक म्हणून जागा मिळाली व प्राध्यापक ही पदवीही लाभली. १८३९ मध्ये ते संस्थेचे प्रमुख झाले. दरम्यान परदेशांत त्यांचा नियम हळूहळू रुजत होता. रशियात लेंझ यांनी तो वापरला, फ्रान्समध्ये पुये यांनी १८३७ मध्ये स्वतंत्र प्रयोगांनी तसेच निष्कर्ष मांडले. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन यांना तारायंत्रासाठी त्याची गरज भासली. मैलोगणती लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला यंत्र चालण्याइतकी धारा पोहोचेल का, किती घट जोडावेत, गुंडाळीला तारेचे किती वेढे द्यावेत, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देणे खर्चाचे होते. ओहम यांच्या सूत्राने ती कागदावर देता येऊ लागली.

३० नोव्हेंबर या आपल्या वार्षिक सभेच्या सुमारास दिले जाणारे कोप्ली पदक लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली ओहम यांना जाहीर केले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १८४५ मध्ये मिळाले. ग्रंथ छापल्यापासून पहिला मोठा सन्मान मिळेपर्यंत चौदा वर्षे गेली, आणि तो सन्मान आला तोही देशाबाहेरून.

किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये अनेक शाखांच्या परिपथांसाठी आपले प्रसिद्ध नियम मांडले. १८४९ मध्ये त्यांनीच ओहम यांच्या मांडणीतील एक उणीव दूर केली. ओहम यांचे ‘विद्युतदर्शी बल’ हे वाहकातील विद्युतभाराच्या घनतेशी जोडलेले होते. किर्खहोफ यांनी ते स्थिरविद्युतशास्त्रातील विभवच असल्याचे दाखवले. त्यामुळे सूत्र तेच राहिले, त्याचा अर्थ मात्र दुरुस्त झाला.

ध्वनिशास्त्र व अखेरची वर्षे

१८४३ मध्ये ओहम यांनी असे प्रतिपादन केले की, कान संमिश्र ध्वनीचे पृथक्करण करून त्यातील साधे स्वर वेगवेगळे ओळखतो. याही ठिकाणी आधार फूरिये यांच्या गणिताचा होता. सीबेक यांचे पुत्र आउगुस्ट सीबेक यांनी त्यावर आक्षेप घेतले आणि वाद ओहम यांच्या विरोधात गेल्यासारखा झाला. पुढे हेल्महोल्ट्स यांनी हा विचार उचलून धरला आणि विकसित केला.

१८४९ मध्ये ते म्युनिकला आले. अकादमीच्या भौतिक उपकरणांच्या संग्रहाची व्यवस्था, तारायंत्र खात्याला तांत्रिक सल्ला आणि विद्यापीठात व्याख्याने अशी कामे त्यांच्याकडे होती. द्रव्याच्या सूक्ष्म रचनेवरील बहुखंडी ग्रंथाचा पहिला खंड याच वर्षी निघाला, पण अध्यापनाच्या व्यापात पुढचे खंड राहून गेले. १८५२ मध्ये त्यांना म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन मिळाले. स्फटिकांतील प्रकाशाच्या व्यतिकरणावर या सुमारास त्यांनी महत्त्वाचे काम केले. प्रसिद्धीनंतर त्यांना समजले की, नॉर्वेचे लांगबर्ग यांनी त्यातील बराच भाग १८४१ मध्येच मांडला होता. ओहम यांनी ते मान्य केले. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. म्युनिकच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

विभवांतर व विद्युतधारा यांवरून रोध आणि शक्ती

ओहम यांच्या नियमानुसार विभवांतर (व्होल्टमध्ये) भागिले विद्युतधारा (अँपिअरमध्ये) म्हणजे रोध (ओहममध्ये). विभवांतर गुणिले विद्युतधारा म्हणजे विद्युतशक्ती, आणि ती वॅटमध्ये मोजतात. दुसरे सूत्र अनेकदा ओहम यांच्या नावावर घातले जाते, ते बरोबर नाही. धारेमुळे तारेत निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे इंग्लंडचे जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. जूल यांचा निष्कर्ष आणि ओहम यांचा नियम एकत्र घेतले की शक्तीची सर्व सूत्रे मिळतात.

भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. पाणी तापवण्याच्या एखाद्या हीटरमधून ५ अँपिअर धारा वाहत असेल, तर त्याचा रोध २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम आणि शक्ती २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वॅट होते. उलट दिशेनेही जाता येते. उपकरणावर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे छापलेले असेल, तर धारा १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३५ अँपिअर आणि रोध सुमारे ५२.९ ओहम. असे उपकरण एक तास चालले की विजेचे एक युनिट खर्च होते.

दाब उतरला तर काय होते, हे याच उदाहरणात पाहता येते. रोध ५२.९ ओहमच राहिला असे धरून पुरवठा १८० व्होल्टवर आला, तर धारा ३.४ अँपिअर आणि शक्ती सुमारे ६१२ वॅट होते. दाब २२ टक्क्यांनी घटला, पण शक्ती ३९ टक्क्यांनी घटली, कारण दाबाबरोबर धाराही उतरते. कमी दाबाच्या वेळी शेगडी तापता तापत नाही, त्याचे हे कारण.

रोध वाढला की शक्ती वाढते की घटते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकतो. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, असे लिहिले की ती वाढताना दिसते. विभवांतराचा वर्ग भागिले रोध, असे लिहिले की घटताना. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. प्रश्न इतकाच की, कोणती राशी स्थिर आहे. घरातील उपकरणे समांतर जोडलेली असतात, सर्वांना विभवांतर सारखेच मिळते, म्हणून कमी रोधाचा १०० वॅटचा दिवा (सुमारे ५२९ ओहम) जास्त रोधाच्या ६० वॅटच्या दिव्याहून (सुमारे ८८२ ओहम) अधिक उजळतो. हेच दोन तंतूचे दिवे एकसरीत जोडले, तर दोहोंतून धारा एकच वाहते आणि ६० वॅटचा दिवा अधिक प्रकाश देतो.

या आकडेमोडीला मर्यादा आहेत. तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असतानाच रोध स्थिर राहतो. तंतूच्या दिव्याचा वर काढलेला रोध तो पेटलेला असतानाचा आहे. थंड दिव्याचा रोध त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी भरतो. दिवा लावण्याच्या क्षणीच तो बहुधा उडतो, याचे एक कारण हेच. डायोड, एलईडी अशा घटकांत धारा विभवांतराच्या सम प्रमाणात नसतेच. पंखा किंवा पंप यांसारख्या मोटारींत प्रत्यावर्ती धारेची शक्ती काढताना व्होल्ट व अँपिअर यांच्या गुणाकाराला पुन्हा शक्तिगुणांकाने गुणावे लागते, आणि विभवांतराला धारेने भागून जे मिळते तो निव्वळ रोध नसतो.

ओहम हे एकक

ओहम यांच्या हयातीत रोधाचे सर्वमान्य एकक नव्हते. प्रत्येक संशोधक आपल्या तारेच्या तुकड्याशी तुलना करी. वेर्नर झीमेन्स यांनी १८६० मध्ये १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध हे माप सुचवले. इंग्लंडमध्ये ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. त्याच वर्षी क्लार्क व ब्राइट यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची सूचना केली होती. गमतीची गोष्ट अशी की, त्यांच्या यादीत ओहम यांच्या नावाचे एकक रोधाचे नव्हते, विद्युतचालक बलाचे होते. १८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे आजच्या अर्थाने स्वीकारली. १८९३ च्या शिकागो परिषदेने ० अंश सेल्सिअस तापमानाच्या, १०६.३ सेंटिमीटर लांब व १४.४५२१ ग्रॅम वस्तुमानाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम, अशी व्याख्या केली.

या एककासाठी ग्रीक वर्णमालेतील मोठे ‘ओमेगा’ हे अक्षर वापरतात. रोधाच्या उलट राशीच्या, म्हणजे वाहकतेच्या एककाला बराच काळ ‘म्हो’ म्हणत. रोमन लिपीतील ‘ओहम’ची अक्षरे उलटी लिहून हे नाव केलेले होते. १९७१ पासून त्याची जागा ‘सीमेन्स’ने घेतली. क्लाउस फोन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये शोधलेल्या क्वांटम हॉल परिणामात रोध सुमारे २५,८१२.८ ओहम या मूल्याच्या पूर्णांक भागांतच मिळतो. २०१९ पासून ओहमचे मूल्य प्लांक स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांच्या निश्चित केलेल्या मूल्यांवरून ठरते, आणि प्रयोगशाळांत ते याच परिणामाच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणले जाते.